कुत्र्याची लूत पुन्हा पुन्हा का येते? माइट ओळखण्यापासून औषध थांबवण्यापर्यंत

तक्रार बहुतेक सारखीच असते. कुत्रं खाजवून बेजार झालं, दवाखान्यात एक इंजेक्शन दिलं, दोन दिवसांत खाज थांबली, पंधरवडा बरा गेला आणि पुन्हा तेच, या वेळी आधीपेक्षा जास्त. नाहीतर पिल्लाच्या डोळ्याभोवतीचे केस गेले, केमिस्टकडून आणलेलं मलम लावलं आणि डाग पसरत मानेपर्यंत आले. मग 'औषध लागू पडत नाही' म्हणून दुसरं औषध सुरू होतं, पुढे तिसरं. यातल्या बऱ्याच कुत्र्यांना नवी लूत लागलेली नसते, आधीचीच अर्धवट राहिलेली असते. ती का राहिली हे शोधायचं तर माइट, म्हणजे कातडीत राहून लूत आणणारा सूक्ष्म किडा, कोणता आहे इथूनच सुरुवात करावी लागते.

दोन माइट, दोन वेगळे आजार

लूत म्हटलं की एकच रोग डोळ्यांसमोर येतो, पण कुत्र्यांत ती मुख्यतः दोन वेगळ्या माइटमुळे होते आणि दोघांचे स्वभाव अगदी उलटे आहेत.

सारकॉप्टीस हा खरजेचा माइट. मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदे करून त्यात अंडी घालते. अंड्यापासून पूर्ण वाढ झालेला माइट व्हायला साधारण १७ ते २१ दिवस लागतात. हा एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे झपाट्याने पसरतो आणि माणसालाही खाज आणतो. खाज भयंकर असते, कारण माइट आणि त्याच्या विष्ठेची शरीराला ॲलर्जी होते. संसर्ग पहिल्यांदाच झाला असेल तर ती उठायला ३ ते ६ आठवडेही लागू शकतात. म्हणून 'आमचं कुत्रं महिनाभर कुठे गेलंच नाही' यावरून काही ठरत नाही.

डेमोडेक्स केसाच्या मुळाशी राहतो आणि थोड्या संख्येने जवळजवळ प्रत्येक निरोगी कुत्र्यात असतो. जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत दूध पिताना तो आईकडून पिल्लाच्या अंगावर येतो. प्रतिकारशक्ती कुठेतरी कमी पडली की त्याची संख्या बेसुमार वाढते. हा मोठ्या कुत्र्यांमध्ये एकमेकांना लागत नाही, माणसालाही नाही. सुरुवातीला खाज फारशी नसते. केस जातात, कातडी काळी आणि जाड होते, आणि पुढे जिवाणूंचा संसर्ग झाला की मग खाज, पू आणि वास.

डाग कुठे आहेत ते नीट पाहा. कानाच्या कडा, कोपरं, मागच्या पायाचे गुडघ्याखालचे सांधे, छाती आणि पोटाखालचा भाग लाल-खपलीदार, पण पाठ बहुतेक स्वच्छ, असं असेल तर संशय सारकॉप्टीसवर. डोळ्याभोवती, ओठांच्या कडेला, पुढच्या पायांवर गोल टक्कल पडले असतील तर डेमोडेक्स. शेपटीच्या बुडाशी आणि कमरेवर खाज जास्त असेल तर आधी पिसवा शोधा. पिसवांच्या ॲलर्जीलाच लूत समजून महिनोन्‌महिने उपचार चाललेले असतात. गोल, कडा स्पष्ट असलेला, मधे बरा होत जाणारा डाग बुरशीचा, म्हणजे नायट्याचाही असू शकतो.

घरी करता येईल अशी एक खूण आहे. कानाची कड दुमडून तिच्याच आतल्या भागावर दोन बोटांनी पाच-सात सेकंद घासा. सारकॉप्टीस असलेली बहुतेक कुत्री त्याच बाजूचा मागचा पाय हवेत खाजवल्यासारखा हलवायला लागतात. यावरून संशय पक्का होतो. मात्र पाय हलला नाही म्हणून खरूज नाही असं धरू नका.

'स्लाइडवर काही सापडलं नाही, तरी खाज थांबत नाही'

त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, म्हणजेच स्किन स्क्रेपिंग, ही पहिली तपासणी. ती कशी केली यावर तिचा निकाल फार अवलंबून असतो.

डेमोडेक्ससाठी खोल खरवडावं लागतं. डागाच्या कडेवरची कातडी आधी चिमटीत धरून दाबायची, म्हणजे केसाच्या मुळातले माइट वर येतात. मग लिक्विड पॅराफिन या पातळ तेलाचा थेंब लावलेल्या बोथट ब्लेडने केसांच्या दिशेने, बारीक रक्ताचे ठिपके दिसेपर्यंत खरवडायचं. रक्त दिसलं नाही तर खोली पुरेशी झालेली नाही. निदान तीन-चार जागांहून नमुने घ्यायचे. पंजा, डोळ्याची कड अशा नाजूक जागी खरवडण्याऐवजी चिमट्याने मुळासकट केस उपटून तेच तेलाच्या थेंबात पाहतात. कमी ताकदीच्या भिंगाखालीही लांबट शरीर, पुढच्या भागात आखूड पायांच्या चार जोड्या आणि मागे निमुळती होत गेलेली शेपटी स्पष्ट दिसते. जिवंत माइटचे पाय हळूहळू हलत असतात. असे माइट पुष्कळ दिसले की निदान झालं. एखादाच दिसला तर आणखी जागी खरवडून पाहतात.

सारकॉप्टीसचं गणित वेगळं. कुत्रं खाजवून स्वतःच बरेच माइट काढून टाकतं, आणि थोडे असले तरी ॲलर्जीमुळे खाज तेवढीच राहते. त्यामुळे खरूज असलेल्या कुत्र्यांपैकी अर्ध्यापेक्षा जास्त कुत्र्यांच्या स्लाइडवर काहीच सापडत नाही. एक माइट, एक अंडं किंवा तपकिरी विष्ठेचे दोन दाणे सापडले तरी निदान पक्कं धरतात. पण स्लाइड कोरी आहे म्हणून खरूज नाही असा निष्कर्ष काढणं चूक आहे. लक्षणं जुळत असतील तर सरळ खरजेचा उपचार सुरू करून प्रतिसाद पाहतात, आणि ही रीत योग्यच आहे.

'इंजेक्शनने थांबते आणि पुन्हा सुरू होते'

ते इंजेक्शन बहुतेक वेळा स्टिरॉइडचं असतं. स्टिरॉइड खाज दाबतं, माइट मारत नाही. सारकॉप्टीसमध्ये त्याचा अंमल उतरला की खाज परत येते, आणि मधल्या काळात माइट निवांत वाढलेले असतात. डेमोडेक्समध्ये तर नुकसान कितीतरी मोठं. ज्या प्रतिकारशक्तीने माइट आवरायचे तीच स्टिरॉइडने खाली येते, आणि दोन डागांचा आजार अंगभर होतो.

लपून येणारं स्टिरॉइड जास्त घात करतं. 'खाज, खरूज, नायटा, सगळ्यावर' म्हणून मिळणाऱ्या तीन-चार औषधांच्या मिश्र मलमांत बहुतेक वेळा तीव्र स्टिरॉइड असतं. कानाच्या पुष्कळ थेंबांतही असतं. कुत्रं ते चाटून पोटात घेतं. म्हणून गेल्या तीन-चार महिन्यांत दिलेलं प्रत्येक औषध, मलम आणि थेंब यांचे खोके, पट्ट्या किंवा फोटो घेऊनच डॉक्टरांकडे जा. 'एक पांढरी गोळी दिली होती' एवढ्यावरून डॉक्टर काही ठरवू शकत नाहीत.

खरूज नक्की आहे आणि खाजेने कुत्रं झोपतही नाही, अशा वेळी डॉक्टर माइटच्या औषधासोबत थोड्या दिवसांसाठी खाजेची गोळी देतात. डेमोडेक्स नाही याची खात्री झालेली असेल तर त्यात गैर काही नाही.

'औषध सुरू केल्यावर खाज वाढली'

सारकॉप्टीसच्या उपचारात पहिले काही दिवस हे होऊ शकतं. माइट मरतात, पण त्यांचे अवशेष कातडीत राहतात आणि ॲलर्जी लगेच उतरत नाही. खाज पूर्ण जायला दोन ते चार आठवडे लागतात. याच टप्प्यावर लोक दवाखाना बदलतात आणि चांगलं चाललेलं औषध सुटतं. खाज रोज मोजायची नाही, आठवड्याला पाहायची. रात्री सलग झोप लागते का, कानाच्या कडेची खपली सुटते का, या दोन गोष्टी जास्त खरं सांगतात.

चार आठवड्यांनंतरही फरक नसेल तर कारणं तीन संभवतात: निदान चुकलं, सोबतचा जिवाणू किंवा यीस्टचा (एक प्रकारच्या बुरशीचा) संसर्ग तसाच राहिला, किंवा घरातलं दुसरं कुत्रं त्याला पुन्हा पुन्हा माइट देतंय. संसर्गासाठी डागावर काचपट्टी दाबून पेशी पाहतात, पाच मिनिटांचं काम आहे. कातडीवरच्या संसर्गाला २ ते ४ टक्के क्लोरहेक्सिडीन असलेला शाम्पू आठवड्यातून दोनदा लावतात, पण फेस अंगावर दहा मिनिटं राहायला हवा. लावला आणि लगेच धुतला तर पैसे पाण्यात.

कोणतं औषध, किती, आणि कुठे चुकतं

आज पहिली निवड म्हणजे आयसोक्साझोलिन गटातली चघळायची गोळी, आणि ती दोन्ही माइटवर चालते. अफॉक्सोलनर किमान २.५ मिग्रॅ प्रति किलो आणि सारोलनर किमान २ मिग्रॅ प्रति किलो, दोन्ही महिन्यातून एकदा. फ्लुरालनर किमान २५ मिग्रॅ प्रति किलो, १२ आठवड्यांतून एकदा. खरजेसाठी मासिक गोळीचे निदान दोन डोस लागतात, एकावर थांबू नका. फ्लुरालनर जेवणासोबत द्यावी, रिकाम्या पोटी ती कमी शोषली जाते. फिट येणाऱ्या कुत्र्याला या गटातली गोळी देण्याआधी डॉक्टरांना ते जरूर सांगा. थरथर, तोल जाणं आणि झटके येण्याच्या शक्यतेबद्दल अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने २०१८ साली या गटावर इशारा दिला आहे.

सगळ्यात जास्त चूक वजनाची होते. चार महिन्यांचं पिल्लू महिन्यात दोन-तीन किलोने वाढतं आणि गोळी मात्र मागच्याच वजनाची आणली जाते. दर डोसआधी कुत्र्याला उचलून वजनकाट्यावर उभं राहा, मग एकट्याचं वजन त्यातून वजा करा. मोठ्या कुत्र्याची गोळी तोडून चार पिल्लांत वाटू नका, कोणाला किती गेलं ते कळत नाही.

आयव्हरमेक्टिन स्वस्त आहे, गावात सहज मिळतं, आणि योग्य हातात चांगलं काम करतं. पण गुरांसाठीच्या बाटलीत १ टक्का द्रावण, म्हणजे दर मिलिलिटरमध्ये १० मिग्रॅ औषध असतं. खरजेसाठी ०.२ मिग्रॅ प्रति किलो धरलं तर १० किलोच्या कुत्र्याला २ मिग्रॅ, म्हणजे फक्त ०.२ मिलि बसतं. २ मिग्रॅ आणि २ मिलि यांत गफलत झाली की डोस थेट दहापट. शिवाय कोली, शेल्टी, ऑस्ट्रेलियन शेफर्ड आणि काही जर्मन शेफर्ड कुत्र्यांत एमडीआर-१ या जनुकातला दोष असतो. त्यांच्या मेंदूत हे औषध साठतं आणि एरवी सुरक्षित असलेला डोसही जीवघेणा ठरतो. हा दोष २००१ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत कोली कुत्र्यांत शोधला गेला. संकरित कुत्र्याचे आईवडील कोण हे माहीत नसतं, म्हणून ही सुई स्वतः टोचू नका. बाहुल्या मोठ्या होणं, लाळ, झिंगल्यासारखी चाल, आंधळ्यासारखं धडकणं यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. हृदयात जंत असलेल्या कुत्र्यालाही यातून झटका बसू शकतो, म्हणून आधी रक्त तपासतात.

अमिट्राझ या माइट मारणाऱ्या औषधाचं द्रावण अजून बऱ्याच ठिकाणी अंगाला लावतात. १२.५ टक्क्यांचं असेल तर १ लिटर पाण्यात २ मिलि, म्हणजे २५० पीपीएम (दहा लाख भागांत २५० भाग). डॉक्टर डेमोडेक्ससाठी कधी ४ मिलिपर्यंत नेतात. लांब केस आधी मशीनने कापायचे, नाहीतर औषध कातडीपर्यंत पोचतच नाही. आदल्या दिवशी शाम्पूने खपल्या आणि तेलकटपणा काढायचा. दुसऱ्या दिवशी द्रावण स्पंजने पंजांच्या बोटांमध्ये, काखेत, जांघेत आणि शेपटीखाली मुरवायचं. मग धुवायचं नाही, टॉवेलने पुसायचंही नाही, हवेवरच वाळू द्यायचं. पुढच्या डोसपर्यंत पंजे पाण्यात भिजले तर तिथलं औषध निघून जातं, आणि पावसाळ्यात पंजांचा डेमोडेक्स हटत नाही त्याचं हे मोठं कारण. द्रावण दर वेळी ताजं करा, उरलेलं ठेवून पुन्हा वापरू नका. कुत्रं काही तास सुस्त राहतं. फार गळून गेलं, अंग थंड पडलं तर दवाखान्यात यावर उतारा असतो. मधुमेही कुत्र्याला आणि चिवावा जातीला हे लावू नये. लावणाऱ्याने हातमोजे घालावेत, काम उघड्या हवेत करावं, आणि घरात कोणाला मधुमेह असेल तर त्या व्यक्तीने या कामापासून लांब राहावं. मांजराला कधीच नाही.

घरगुती उपायांबद्दल स्पष्टच

जळकं ऑइल, रॉकेल, फिनेल, तंबाखूचं पाणी आणि गॅमेक्सिन पावडर यांनी कुत्री मरतात. कातडीतून आणि चाटून ते सगळं पोटात जातं, आणि आधीच सोललेल्या कातडीतून तर जास्तच. करंजाचं किंवा कडुनिंबाचं तेल खपली मऊ करतं, वास कमी करतं, पण केसाच्या मुळाशी बसलेल्या डेमोडेक्सपर्यंत पोचत नाही. गंधकाचा खरजेवर परिणाम होतो हे खरं आहे, पण त्यासाठी मोजून बनवलेलं लाइम-सल्फर आठवड्यातून एकदा, चार ते सहा आठवडे लावावं लागतं. घरी अंदाजाने तेलात गंधक कालवून काम होत नाही. गोड खाऊ घातल्याने लूत लागते हा समजही गावोगाव आहे. माइटशिवाय लूत होत नाही.

'केस आले म्हणून औषध थांबवलं'

डेमोडेक्स परत येण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. केस माइटच्या आधी सुधारतात. दुसऱ्या महिन्यात कुत्रं चकचकीत दिसतं आणि मुळांशी अजून अंडी, अळ्या आणि मोठे माइट असतात. म्हणून दर महिन्याला त्याच जागांवरून पुन्हा खरवडून पाहायचं आणि मोजून लिहून ठेवायचं: जिवंत किती, मेलेले किती, अंडी आणि अळ्या किती. एकूण आकडा तोच राहिला तरी मेलेले वाढत आणि अंडी कमी होत असतील तर औषध लागू पडतंय. महिन्याच्या अंतराने लागोपाठ दोन तपासण्या पूर्ण निगेटिव्ह आल्या, की त्यानंतरही चार आठवडे उपचार चालू ठेवायचा. जागतिक पशु-त्वचारोग संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. 'निगेटिव्ह' म्हणजे एकही माइट नाही, मेलेलासुद्धा नाही.

पूर्ण बरं झालं असं म्हणायला त्यानंतर वर्षभर लक्ष ठेवावं लागतं. मादी माजावर आली की आजार उलटू शकतो, म्हणून अंगभर डेमोडेक्स झालेल्या मादीची नसबंदी करून घ्यावी. अशा नराचंही पैदाशीला नाव काढू नये, कारण हा कल पिल्लांमध्ये उतरतो. विक्रीसाठी पिल्लं काढणाऱ्यांना हे ऐकवावंच लागतं.

उलट बाजूही आहे. वर्षाच्या आतल्या पिल्लाला नाण्याएवढे तीन-चारच डाग असतील तर दहांपैकी नऊ वेळा ते सहा-आठ आठवड्यांत, कधी तीन महिन्यांत, आपोआप भरून येतात. जंताचं औषध, पुरेसं जेवण आणि दर पंधरवड्याला डागांचे फोटो एवढं पुरतं. डाग वाढले तरच औषध.

पाच-सहा वर्षांच्या कुत्र्याला आयुष्यात पहिल्यांदा डेमोडेक्स झाला तर माइट मारणं हे अर्धंच काम. आत काहीतरी बिघडलंय असं समजून रक्ततपासणी, थायरॉइड, कुशिंगचा आजार (शरीरातच स्टिरॉइड जास्त तयार होणं), गाठी आणि चालू असलेली औषधं तपासायला हवीत. मूळ आजार राहिला तर गोळी थांबताच माइट परत येतात.

'एक बरं होतं, तर दुसऱ्याला लागते'

हे सारकॉप्टीसचं लक्षण. घरातल्या सगळ्या कुत्र्यांना एकाच दिवशी औषध द्या, खाजवत नसलेल्यालाही, कारण लक्षणं नसतानाही माइट अंगावर असू शकतात. खोलीच्या तापमानाला हा माइट अंगाबाहेर दोन ते सहा दिवस जगतो, थंड आणि दमट हवेत तीन आठवड्यांपर्यंत. पोतं आणि चटई फेकून द्या. चादरी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. जे धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तीन आठवडे बाजूला ठेवा. पट्टा, कंगवा आणि केस कापायच्या मशीनचं ब्लेड विसरू नका. डेमोडेक्ससाठी यातलं काहीच करावं लागत नाही.

कुत्र्याला कुशीत घेणाऱ्यांच्या हातांवर आणि पोटावर लाल पुळ्या येतात. कुत्र्याचा माइट माणसाच्या कातडीत वंश वाढवू शकत नाही, त्यामुळे कुत्र्याचा उपचार झाला की दोन-तीन आठवड्यांत त्या जातात. पण पुळ्या बोटांच्या बेचक्यांत असतील, रात्री खाज वाढत असेल आणि घरात एकेक जण खाजवू लागला असेल तर ती माणसाची खरूज असू शकते. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.

गल्लीतली कुत्री हिवाळ्यात एकमेकांना चिकटून झोपतात आणि लूत टोळीभर फिरते. तिथे आठवड्याला अंघोळ घालणं शक्य नसतं, म्हणून १२ आठवडे चालणारी फ्लुरालनर खिम्यात किंवा कलेजीत घालून देणं सगळ्यात सोयीचं. प्रत्येकाला वेगळं खाऊ घाला, गिळेपर्यंत थांबा, नाहीतर दांडगं कुत्रं तीन गोळ्या खातं आणि लूत भरलेलं उपाशी राहतं. कोणाला कधी दिली ते रंगाखुणांसकट लिहून ठेवा. गाभण मादी, दोन किलोंपेक्षा हलकी पिल्लं आणि उठता न येणारं कुत्रं यांना गल्लीत औषध न देता दवाखान्यात न्या. जनावरांसाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, आणि मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत कुत्रं घेऊन गेलात तर खरवडून तपासणी करून मागा.